डाव्या हाताची पिशवी

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माणसं धड चालायला लागली की आमच्याकडे फिरकत नाहीत. चालता येत नाही तोवर मात्र रोज तासभर समोर असतात. त्यामुळे बरे झालेल्यांची हकीकत मला फारशी ठाऊक नसते आणि न झालेल्यांची पोतंभर असते.

मी फिजिओथेरपिस्ट. वीस वर्षं रत्नागिरीत हेच करतेय. अंगावरून वारं गेलेली माणसं माझ्याकडे येतात. कोणी लकवा म्हणतं, कोणी पॅरालिसिस, शिकलेले स्ट्रोक म्हणतात. डॉक्टर जीव वाचवतात नि 'आता फिजिओ करा' म्हणून चिठ्ठी देतात. माझं काम तिथून पुढे. लुळा पडलेला हातपाय पुन्हा कामाला लावायचा. आणि तो लागतो हो, पुष्कळदा लागतो. फक्त घरच्यांनी लागू दिला पाहिजे.

हे शेवटचं वाक्य मी रागाने बोलले, ते तुम्हाला कळलंच असेल. राग परवाच्या एका फोनचा आहे. तो शेवटी सांगते, कारण आधीचं ऐकल्याशिवाय तो कळायचा नाही. चहा घ्या तोवर.

* * *

लोकांना वाटतं मी मालिश करते. "तेल आम्ही आणायचं की तुमचं असतं?" हा माझ्या दवाखान्यातला पहिला प्रश्न.

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. डावा पाय गेलेला. मी त्यांना खुर्चीतून उठायला आणि परत बसायला लावायची. दहा वेळा, मग थोडं थांबून आणखी दहा वेळा. पायात ताकद यायची तर पायावर वजन पडायला हवं, दुसरा मार्ग नाही. तिसऱ्या दिवशी ते बायकोला मोठ्याने म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोरांना उठाबशा काढायला लावल्या. आता ही मला लावते. अंगाला हातसुद्धा लावत नाही, नुसती तोंडाने बोलते."

चौथ्या दिवसापासून आलेच नाहीत. कुठल्याशा तेलवाल्याकडे जायला लागले म्हणे.

वर्षाने भेटले, एका लग्नात. व्हीलचेअरमध्ये. मी विचारलं, "मास्तर, गुण आला का तेलाचा?"

"पायाला नाही आला," ते म्हणाले, आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं. "पण कातडी बघ काय झालीय."

* * *

सावर्ड्याकडचा एक शेतकरी. जेमतेम पन्नाशीचा. चैत्रात वारं गेलं. हॉस्पिटलातून घरी आणला आणि गावातल्या कोणा जाणत्याने सांगितलं, वाऱ्याने झालंय तर आता वारा लागू द्यायचा नाही. झालं. खिडक्या बंद, पंखा बंद, दाराला गोणपाट, अंगावर दोन घोंगड्या. ऐन वैशाखात. वर कबुतराच्या रक्ताची मालिश. अडीच महिने.

माझ्याकडे आणला तेव्हा कोपर छातीला चिकटलेलं, मूठ आवळलेली आणि नखं तळव्यात रुतलेली. मी एकेक बोट उघडत होते. तो ओरडला नाही. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती.

मुंबईहून आलेला भाऊ घड्याळ बघत म्हणाला, "मॅडम, जरा लवकर बघा. लावणी तोंडावर आलीय."

"अडीच महिने काय करत होतात?"

"पूर्ण आराम दिला," तो छाती काढून म्हणाला. "एक बोट हलवू दिलं नाही त्याला."

स्ट्रोकनंतरचे पहिले काही महिने मेंदू शिकायला सगळ्यात तयार असतो. ते ह्यांनी घोंगडीखाली घालवले. आता हे त्या भावाला सांगून काय उपयोग? तरी मी सांगितलं. त्यालाही काहीतरी घेऊन मुंबईला जाऊ दे.

* * *

आता रघुआबा. परवाचा फोन ह्यांच्यावरूनच आला.

रघुआबा मूळचे नाटे गावचे. सारी हयात समुद्रावर, आणि त्यातली बरीच वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. तो बोलेल तसे बाकीचे खलाशी हलतात. शिमग्यात आबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढ्या बोलण्यातून एकच शब्द उरला, 'होय'. जेवलात? होय. नाव काय? होय. नको असेल तरी होयच, फक्त तेव्हा मान इकडून तिकडे आडवी हलायची. आबांचं म्हणणं कळायला कान उपयोगाचे नाहीत, मान बघायची, हे मी पहिल्याच दिवशी शिकले.

धाकटा मुलगा संतोष इथे बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात आहे. आबांना त्याने आपल्या बिऱ्हाडी आणलं. रोज त्यांना माझ्याकडे घेऊन यायची ती त्याची बायको, सुजाता. बारीक चणीची, कमी बोलणारी पोर.

"ह्यांना काय यायला हवंय ते सांग," मी तिला विचारलं.

"जेवायला," ती म्हणाली. "कोणी भरवलेलं खात नाहीत, तोंड फिरवतात. डाव्या हाताने चमचा धरतात, पण अर्ध्यातून उठतात. डाव्या हाताने माशाचा काटा कसा काढणार? त्यांना आपल्या उजव्या हाताने मासा-भात खायचाय, मॅडम. बाकी काही नको."

मी आबांकडे बघितलं. "होय," आबा म्हणाले. मान उभी.

ह्यावर एक उपाय आहे आणि तो बघायला क्रूर आहे. चांगला हात बांधायचा. चांगला हात मोकळा असला की मेंदू लबाडी करतो, सगळी कामं त्याच्याकडूनच करून घेतो आणि लुळा हात कायमचा सुटीवर जातो. दिवसातले काही तास चांगला हात बंद ठेवला की लुळ्या हाताला झक मारत शिकावं लागतं. सगळ्यांना हे चालत नाही, हातात थोडा तरी जीव लागतो. आबांचं मनगट आणि दोन बोटं हलत होती.

सुजाताने जुन्या चादरीची पिशवी शिवली, डावा हात मनगटापर्यंत आत जाईल अशी, आणि वर नाडी. पहिल्या दिवशी आबांनी दातांनी नाडी सोडली, पिशवी भिरकावली आणि नाडीकडे बघून हसले. आजारपणात पहिल्यांदा हसले.

"माझ्या गाठीला हसतायत," सुजाता म्हणाली. "म्हणतात, ही काय गाठ झाली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून डावा हात पुढे केला. "बांधू?" मी विचारलं. "होय." मान उभी.

मी त्यांना बोटीवरची नायलॉनची दोरी आणून दिली. उजव्या हाताने गाठ मारा, आबा. तांडेलाची एक गाठ असते, ओढावी तशी आवळत जाते. घरात ती आबांखेरीज कोणाला यायची नाही. संतोष बोटीवर गेलाच नाही आणि थोरला प्रकाश दहावी झाल्या झाल्या मुंबईला गेला. आबा रोज बसायचे. दोरी हातातून पडायची, ते खिडकीबाहेर बघत थोडा वेळ बसायचे आणि परत उचलायला लागायचे. खरं सांगते, माझ्यासमोर ती गाठ त्यांना एकदाही जमली नाही.

घास मात्र श्रावणापर्यंत तोंडाशी पोचायला लागला. अर्धा सांडायचा. एका ताटाला पाऊण तास. सुजाता समोर बसून राहायची, आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"माझेच बांधायला हवेत, मॅडम," ती म्हणायची. "सारखे पुढे जातात."

शेजारणी यायच्या, बघायच्या आणि बाहेर जाऊन म्हणायच्या, सासऱ्याला दोन घास भरवत नाही ही. हे सगळं तिच्या कानावर यायचं. ती पिशवी धुवून वाळत घालायची. एक ओली असली तर अडायला नको म्हणून दुसरी शिवायला घेतली होती.

* * *

मध्येच एक बॉलवाल्यांचा किस्सा सांगते.

कुठल्याही घरी कोणाला वारं गेलं की पहिला पाहुणा रबरी बॉल घेऊन येतो. का, ते मला अजून कळलेलं नाही. अहो, स्ट्रोकमध्ये बऱ्याच जणांचा हात हळूहळू आवळत जातो. मिटायला तो आपोआपच शिकतो, उघडायला शिकवावं लागतं. पण ऐकतो कोण?

बँकेतून रिटायर झालेले एक साहेब होते. सकाळ-संध्याकाळ बॉल दाबायचे, टीव्ही बघताना दाबायचे, संडासातही घेऊन जायचे. मी तीनदा सांगितलं, बंद करा. शेवटी एक दिवस ते दारातूनच आनंदाने आले, उजवा हात पुढे केला आणि माझ्याशी शेकहँड केला.

बराच वेळ झाला, हात सुटेना. त्यांना सोडता येईना, मला काढता येईना. शेवटी त्यांच्या बायकोने येऊन एकेक बोट उचलून माझा हात मोकळा केला.

"बघितलीत ग्रिप?" साहेब म्हणाले.

* * *

वेळणेश्वरची एक बाई होती. साठीची, उजवा हात गेलेला. नवरा पहिल्या दिवशी सोबत आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "भाकऱ्या कधीपासून जमतील?"

तिला कोणी भरवलं नाही. तिची कोणी वेणी घातली नाही. घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती चुलीपुढे. पीठ सांडायचं, भाकरी फाटायची, नवरा फाटकी भाकरी बघून नाक मुरडायचा, ती परत थापायची. चार महिन्यांत तिचा हात आला तसा माझ्या वीस वर्षांत कोणाचा आला नाही. महागातली यंत्रं लावून येत नाही तसा आला.

नवरा म्हणाला, "बघा मॅडम, तुमची थेरपी राहू दे बाजूला. आम्ही तिला कामाला लावली, तिथेच गुण आला."

आणि शास्त्राप्रमाणे तो बरोबर होता, हे माझं दुर्दैव. आमच्याकडे बायकांचे हात लवकर बरे होतात, कारण त्यांची सेवा करायला कोणी नसतं. पुरुषांचे होत नाहीत, कारण चार बायका त्यांना भरवायला टपलेल्या असतात.

जाताना ती बाई एकटीच परत आत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, कागदावर पूर्ण बरी असं लिहू नका हां. हात अजून जड आहे असं लिहा. गणपतीला ह्यांचे सगळे पावणे येणारायत."

मी लिहिलं. वीस वर्षांत रिपोर्टात लिहिलेलं ते एकच खोटं, आणि त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही.

* * *

गणपतीला आबा, संतोष आणि सुजाता नाट्याला मूळ घरी गेले. मुंबईहून प्रकाश आला, बायको-पोरांना घेऊन. घर भरलं. सुजाताने निघताना मला विचारलं होतं, "तिथे पिशवी बांधू का?" मी म्हटलं, "बांध. आता चार दिवस सोडलीस तर महिनाभर मागे जातील." हे माझं वाक्य. ह्याचा दोष माझा, सुजाताचा नाही.

दुपारी पंगत बसली. आबा पंगतीत, डावा हात पिशवीत, उजव्या हाताने वरण-भात कालवतायत, अर्धा पाटावर पडतोय. त्यांची थोरली बहीण, सगळ्यांची आत्या, वाढता वाढता थबकली.

"अगो बाय माझे," तिने हंबरडा फोडला, "सुनेनं हात बांधून ठेवलान म्हाताऱ्याचा!"

पंगत थांबली. प्रकाशने विचारलं, "आबा, हिने बांधला हात?"

"होय," आबा म्हणाले.

"तुम्हाला त्रास होतो?"

"होय." मान जोरजोरात आडवी हलत होती. सुजाता म्हणत होती, भावोजी, मान बघा त्यांची, मान बघा. पण पंगतीत एवढा कालवा चाललेला, त्यात कोण मान बघतो!

प्रकाशने पिशवी ओढून काढली आणि अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावली. मग आबांच्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने त्यांना मोदक भरवला. आबांनी तोंड फिरवलं तर आत्याने हनुवटी धरून सरळ केलं. त्याचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, 'आई-वडिलांची सेवा हाच खरा देव' असं खाली लिहून. संतोषने मला तो नंतर दाखवला. फोटोखाली जोडलेल्या हातांची ही मोठी रांग. त्या सगळ्यांचे दोन्ही हात शाबूत.

संध्याकाळी मला प्रकाशचा फोन. "हात बांधायला तुम्ही सांगितलंत? मी यूट्यूबवर बघितलंय, बॉल देतात."

आबा नाट्यालाच राहिले, आत्याजवळ. प्रकाशने नर्सिंग ब्युरोतून एक बाई ठेवली, चोवीस तासांची. आणि सुजाताला सांगितलं, "तू आता ह्यांच्या वाटेला जायचं नाहीस." संतोष मान खाली घालून उभा राहिला. मग बॅगा भरायला लागला, मेला.

सुजाता रत्नागिरीत परत आली ती थेट माझ्याकडे. टेबलावर दुसरी पिशवी ठेवली, कोरी, नवीन नाडीची. "शिवून झाली होती," म्हणाली. "घरी ठेवून काय करू?"

ती पिशवी तिथे खिळ्याला टांगलीय, बघा.

* * *

मला राहवलं नाही. नवरात्रात एका रविवारी नाट्याला गेले.

आबा पडवीत खुर्चीवर. नवीन लुंगी, अंगाला पावडर, दाढी गुळगुळीत. ब्युरोची बाई एका हाताने मोबाईल बघत होती आणि दुसऱ्या हाताने भरवत होती. मऊ भात, मासा नाही, काट्याची भीती. उजवा हात चादरीखाली. मी चादर काढली. बोटं आत वळायला लागली होती.

"अहो, ह्यांना आपल्या हाताने खाऊ द्या की," मी बाईला म्हटलं.

"मॅडम, त्यांनी खाल्लं तर सांडणार," ती म्हणाली. "सांडलं की आत्या मला बोलणार. आणि लादी पण मीच पुसायची." तिचंही काही चुकलं नव्हतं. तिला पेशंट स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं, ती ठेवत होती.

आत्याने मला सरबत दिलं आणि अभिमानाने म्हणाली, "बघा, एक शीत सांडू देत नाही आम्ही."

मी पर्समधून ती नायलॉनची दोरी काढली आणि आबांच्या मांडीवर ठेवली. आबांनी डाव्या हाताने दोरी उचलली आणि खुर्चीच्या उशीमागे सारली. बाईचं लक्ष मोबाईलात होतं.

* * *

आणि परवा, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेबाराला प्रकाशचा फोन, दिवाळीला तो नाट्याला आलेला. मी दवाखान्यात होते, सुजाता फराळाचा डबा घेऊन आलेली, समोर बसली होती. मी स्पीकर लावला.

"मॅडम, तुम्ही आज नाट्याला आला होता का?" आवाज चढलेला.

"नाही. का?"

"मग सुजाता आली असणार. तिला समजावून ठेवा. आबांचा हात परत बांधला कोणीतरी, खुर्चीच्या दांड्याला. ह्या वेळी तर दोरीने."

"सुजाता माझ्या समोर बसलीय," मी म्हटलं. "सकाळपासून रत्नागिरीतच आहे."

"मग कोण? मी आंघोळीला होतो. आत्या देवळात. बाई आत ताट वाढायला गेली, बाहेर येऊन बघते तर हात बांधलेला. दोरीचं एक टोक सगळं थुंकीने ओलं. आणि गाठ तरी कसली, सोडवायला ओढावी तर आणखी आवळते. आम्ही दोघं झटलो तरी सुटेना."

सुजाता उठून उभी राहिली.

"प्रकाशराव," मी विचारलं, "कुठला हात बांधलाय?"

"डावा."

"गाठीला हात लावू नका," मी म्हटलं. "ऐका माझं. काही करू नका. नुसतं ताट त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि बाजूला व्हा."

"हात लावू नका काय? कोयतीने कापली केव्हाच. आता बाई भरवतेय त्यांना."

"आणि आबा? आबा काय म्हणतात?"

"काय म्हणणार? होय होय म्हणतायत की. नुसती मान हलवतायत, इकडून तिकडे."